पाव किलो तेल

व्यापारी घरात तेल सुटे येत नाही. पंधरा किलोचा डबा येतो आणि तो तळाला जाण्याआधी दुसरा येऊन ठेवलेला असतो. गहू-ज्वारी उन्हाळ्यात वर्षाची भरली जाते, हळद-मिरची घरी निवडून कुटून आणली जाते. घरात साठा असणे ही अशा घरांची केवळ सोय नसते, तो त्यांचा स्वभाव असतो. म्हणूनच अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, सूर्यास्ताला अर्धा तास असताना, एका निवृत्त मुनीमजींनी आपल्या जुन्या शेठजींना पेठेपासून लांबच्या किराणा दुकानात बाटलीत पाव किलो तेल घेताना पाहिले, तेव्हा त्यांना काही विचारावे लागले नाही. त्या घराच्या वह्या त्यांनी छत्तीस वर्षे लिहिल्या होत्या. त्या बाटलीत त्यांना सगळा ताळेबंद दिसला. ते आडोशाला उभे राहिले आणि शेठजी दिसेनासे होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

शेठजींचे वय त्या वेळी ब्याऐंशी. कापडाचे दुकान वडिलांच्या काळापासूनचे. एके काळी आसपासच्या खेड्यांतील लग्नांचे बस्ते याच दुकानात बांधले जात. वऱ्हाडाच्या बैलगाड्या आणि पुढे टेम्पो दारात उभे असत. तयार कपड्यांनी थानाचा धंदा हळूहळू खाल्ला, उधारी खेड्यापाड्यांत अडकली, आणि २०२० च्या टाळेबंदीत लग्नसराईच बुडाल्यावर उरलेसुरले भांडवलही गेले. तरीही दुकानाचे शटर रोज सकाळी दहा वाजता वर जात असे. गादी झटकली जाई, उदबत्ती लागे, मांडणीच्या दर्शनी भागात जुनी थाने नीट रचलेली दिसत. दुकान उघडे आहे म्हणजे घर चालले आहे, असा बाजाराचा हिशेब असतो. तो कोणी तपासून पाहिला नाही. घरी काकू होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. आणि सेहेचाळीस वर्षांचा मुलगा होता, ज्याची समज सहा-सात वर्षांच्या मुलापलीकडे कधी गेली नाही.

खरे म्हणजे संघाला हे आधीच कळायला हवे होते. त्याच वर्षी संवत्सरीला शेठजी स्थानकात आले नव्हते. आयुष्यात एकही सांवत्सरिक प्रतिक्रमण न चुकवलेला माणूस आला नाही, तर लोकांनी ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपवला. वय झाले होते हे खरे. पण त्या दिवशी स्थानकात जीवदयेची यादी फिरते. ज्या यादीत वर्षानुवर्षे आपले नाव पहिल्या पाचांत असायचे, तिच्यापुढे बसून काय आकडा लिहायचा, हा प्रश्न त्यांना घरीच बसवून गेला. क्षमापनेचा दिवस त्यांनी घरात, दार लोटून, काकूंसह साजरा केला.

व्यापारी कुटुंबाच्या म्हातारपणाची ही एक अडचण बाहेरच्या माणसाला सहसा समजत नाही. नोकरदाराला निवृत्तिवेतन असते, भविष्यनिर्वाह निधी असतो, उपदान असते. दुकानदाराला यातले काहीच नाही. त्याचे दुकान हेच त्याचे निवृत्तिवेतन. ते मुलाकडे गेले किंवा बसले की म्हाताऱ्याच्या हाती स्वतःचे म्हणून काही उरत नाही. खाते पेढीच्या नावाचे, घर वाडवडिलांच्या नावाचे, आणि स्त्रीच्या अंगावरचे सोने कधीच कोणत्या तरी हुंडीला किंवा लग्नाला कामी आलेले. शिवाय व्यापाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत. ती गेली आहे हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचे, तर उद्या उधार माल कोण देणार आणि मुलीबाळींची लग्ने कोण जुळवणार? त्यामुळे गरिबी येते तेव्हा व्यापारी ती लपवतो, आणि ज्यांच्यापासून सर्वांत आधी लपवतो ते त्याचे साधर्मिक असतात.

मुनीमजी जैन नव्हते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी संघाच्या एका विश्वस्तांना गाठले. विश्वस्तांनी तत्काळ बैठक बोलावली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. बैठकीत पहिली सूचना आली ती शिधावाटपाची. येत्या महावीर जयंतीला पन्नास कुटुंबांना किराणा द्यावा, त्यात शेठजींचेही घर घ्यावे. वाटपाचा मंडप, व्यासपीठ, पाहुण्यांच्या हस्ते पिशवी, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र, हे सर्व त्या सूचनेत न बोलता अंतर्भूत होते. महिला मंडळाच्या अध्यक्षा तोवर गप्प होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, त्यांच्या हातात पिशवी देताना फोटोत तुम्ही हसणार की नाही?” सूचना तिथेच मिटली.

मग ठरले की पैसे थेट खात्यात द्यावेत. कोणाला दिसणार नाही, कोणाला कळणार नाही. दरमहा दोन हजार रुपये. शेठजींना मुनीमजींनी सांगितले की जुन्या ठेवीचे काही व्याज संघाकडे राहिले होते, ते येत आहे. शेठजींनी विश्वास ठेवला की ठेवल्याचे दाखवले, हे मुनीमजींनाही कळले नाही. तीन महिने ठीक गेले. चौथ्या महिन्यात शेठजी पासबुक भरून घेण्यासाठी बँकेत गेले. रकमेसमोर पाठवणाऱ्या खात्याचे नाव छापून येते, याचा विचार बैठकीत कोणीच केला नव्हता; आणि खात्याचे नाव होते साधर्मिक सहाय्य निधी. काउंटरवरच्या तरुण कर्मचाऱ्याने वृद्धांना मदत करावी या चांगल्या हेतूने नोंदी मोठ्याने वाचून दाखवल्या. मागे रांगेत पेठेतलेच सात-आठ जण उभे होते.

त्या मुलाचा दोष म्हणावा तर फारसा नाही. बँकेत पासबुकातील शिल्लक मोठ्याने सांगू नये, एवढे शिकवले जाते. शेऱ्याच्या रकान्यातही माणसाची अब्रू असू शकते, हे कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही. असो.

पुढच्या आठवड्यात स्थानकातील जीवदयेची पेटी उघडली, तेव्हा तिच्यात पाचशेच्या बारा कोऱ्या नोटा एकत्र गुंडाळलेल्या निघाल्या. तीन महिन्यांचे सहा हजार. कोषाध्यक्षांनी त्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. ज्या घरात तेल पाव किलोने येत होते, त्या घराने पांजरपोळाला सहा हजार रुपये दिले होते.

येथे दान देणाऱ्यांनी थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील अभयदानाचा अर्थ प्राणिमात्राला जीविताची भीती न राहू देणे असा सर्वांना ठाऊक आहे. पण माणसाला मरणाइतकीच आणखी एक भीती असते, उघडे पडण्याची. पांजरपोळातील गायीला चारा घालताना तिला ती भीती नसते, म्हणून तेथे पाटी लावली तरी चालते. साधर्मिकाच्या बाबतीत चालत नाही. शास्त्राने या कामाला दयेचे नावच दिलेले नाही. आजारी, थकलेल्या, म्हणजे शास्त्राच्या शब्दांत ‘ग्लान’ साधकाची सेवा हे वैयावृत्त्य होय, आणि त्याची गणना सहा आभ्यंतर तपांत आहे. उपवास हे बाह्य तप ठरले आणि सेवा आभ्यंतर, याचा अर्थ इतका तरी नक्की की ती दिसण्यासाठी नाही. पुणिया श्रावकाची कथा घरोघरी सांगितली जाते. सुताच्या पुण्या विकून जेमतेम दोघांपुरते मिळवणारे ते जोडपे आळीपाळीने एक दिवस उपाशी राहून रोज एका साधर्मिकाला जेवू घालत असे. राजा श्रेणिकाला त्याचे सामायिक विकत घेता आले नाही, हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु जेवायला येणाऱ्याला यजमानापैकी एक जण उपाशी आहे हे कळू न देणे त्या घराला कसे साधत असेल, याचा विचार फारसा होत नाही. खरे कौशल्य तेथे आहे.

मदत घेणाऱ्याच्या आयुष्याच्या मापाने बेतावी लागते, याचे एक उत्तम उदाहरण जयपूरचे आहे. सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो रबरी पाय घडवला, तो जगभर ‘जयपूर फूट’ म्हणून ओळखला जातो, डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यापूर्वीच्या विलायती घडणीच्या कृत्रिम पायावर बूट चढवावाच लागे. त्याने माणूस चालू शकत असे, पण मांडी घालून पंगतीला बसू शकत नसे, उकिडवा बसू शकत नसे, अनवाणी मंदिरात जाऊ शकत नसे. चालता येऊनही तो घरात आणि देवळात परकाच राहत असे. जयपूरचा पाय अनवाणी चालतो, चिखलात चालतो आणि मांडीही घालतो. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या काळात, १९७५ मध्ये, देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गरजूला विनामूल्य बसवून देण्याची व्यवस्था उभी केली. मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर आणि सेबीचे अध्यक्ष झाले, म्हणजे हिशेबातलाच माणूस. तरुणपणी अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. रुग्णशय्येवर पडल्यावर जे समजते, ते बैठकीत बसून समजत नाही.

जवळचे उदाहरण हवे असेल तर अहिल्यानगरचे आनंदऋषीजी रुग्णालय आहे. आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने उभ्या असलेल्या या रुग्णालयात सवलतीचे दर ठेवलेले आहेत. अशा व्यवस्थेचा एक गुण हिशेबात मांडला जात नाही. दर मुळातच कमी असले की गरिबाला आपण गरीब आहोत हे कोणापुढे सिद्ध करावे लागत नाही. तो इतरांसारखाच पैसे मोजून पावती घेतो.

शेठजींच्या बाबतीत पुढचे पाऊल महिला मंडळाच्या अध्यक्षांनी उचलले. त्या एकट्याच काकूंकडे जाऊ लागल्या, आणि पहिले सात-आठ वेळा त्यांनी पैशाचा विषयच काढला नाही. काकूंना थोकडे मुखोद्गत होते. धार्मिक पाठशाळेतल्या मुलींना घेऊन त्या जात आणि काकूंकडून पाठ सुधारून घेत. एकदा बोलता बोलता काकू म्हणाल्या, “गाळा बाबांच्याच नावावर आहे. मग भाड्याने तरी कसा द्यायचा?” बाबा म्हणजे शेठजींचे वडील, त्यांना जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ऐन पेठेतला, दोन्ही बाजूंनी भाव चढलेला गाळा, आणि मिळकत पत्रिकेवर नाव मृत व्यक्तीचे. वारस नोंद झालीच नव्हती. दुकान चालू होते तोवर त्याची गरज पडली नाही, आणि गरज पडली तेव्हा दुकान चालत नसल्याचे कबूल करावे लागले असते.

म्हणजे त्या घराला मुळात दान नको होते, कागद हवे होते. संघातील एका तरुण वकिलाने ते काम अंगावर घेतले. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, नगर भूमापन कार्यालयातील फेऱ्या. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू असल्याने दोन्ही बहिणींचा हिस्सा होताच. त्या सोलापूरला आणि बंगळूरला. वकिलाने त्यांना फक्त नोंदीसाठी कागद पाठवले होते. दोघी स्वतः आल्या आणि दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्र करून गेल्या. थोरलीने भावाशी दोन दिवस अबोला धरला. हक्क सोडावा लागला म्हणून नव्हे, आपल्याला कळवले नाही म्हणून. सहा महिन्यांनी गाळा मोबाइलच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याला भाड्याने गेला. करारात नसलेली एक अट तोंडी ठरली होती. दारालगतची गादी हलवायची नाही. शेठजी आजही सकाळी दहा वाजता तेथे येऊन बसतात. संघाचा दोन हजारांचा हप्ता बंद झाला, कारण त्याची गरज उरली नाही. निधीच्या खात्याचे नाव मात्र त्या पासबुकानंतर लगेच बदलले गेले. आता ते नुसते संघाच्या नावाने आहे.

सरकारी योजना यात कोठे बसतात, असे कोणी विचारील. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, दरमहा १५०० रुपयांची. पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. ज्याच्या नावाची पाटी पेठेत लागलेली आहे, त्याने तो तहसील कार्यालयात कसा मागावा? आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. त्यान्वये मुलाकडून निर्वाहभत्ता मागता येतो. येथे मुलाचाच निर्वाह आईवडिलांकडे. योजना निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही, अनेक घरे त्यांवर तग धरून आहेत. परंतु प्रत्येक योजनेच्या दाराशी एक कागद उभा असतो, आणि तो मिळवून देणारा माणूस हीच अनेकदा सर्वांत मोठी मदत ठरते.

काकूंच्या बाबतीत हेच झाले. त्यांचे स्वतःचे खाते कधीच नव्हते. खाते उघडले, पण पुढे त्यांना अंथरूण सोडणे कठीण झाले आणि सही करणारा हात थरथरू लागला. बँकेचे लोक म्हणाले, त्यांना घेऊन या. वस्तुतः रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याची सूचना बँकांना केलेली आहे. जो ग्राहक सही करू शकत नाही त्याचा अंगठा चालतो, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा चालतो; फक्त बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हे नियम शाखेतल्या कपाटात असतात. ते माहीत असलेला एखादा निवृत्त कर्मचारी संघाने जोडून घेतला, तर किती रुग्णवाहिकांचे आणि किती रिक्षांचे भाडे वाचेल, याचा हिशेब कोणी तरी करावा. अर्ज दिल्यावर शाखेचे अधिकारी स्वतः घरी आले. काकूंनी अंगठा उमटवला आणि त्यांना मूगडाळीचा शिरा खाल्ल्याशिवाय जाऊ दिले नाही.

राहिला मुलगा. तेल, गाळा, खाते हे सगळे प्रश्न सुटण्याजोगे होते. त्या घरातला खरा प्रश्न सुरुवातीपासून एकच होता आणि तो कोणी उच्चारत नव्हते. त्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रसुद्धा काढलेले नव्हते. बहिणीच्या मुलींच्या सोयरिकी होईपर्यंत नको, मग नातींच्या होईपर्यंत नको, असे करता करता तो सेहेचाळीस वर्षांचा झाला. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, पण घराच्या आतल्या खोलीत ठेवलेला माणूस त्यांतल्या कुठल्याच यादीत येत नाही. प्रमाणपत्र आता झाले आहे. बौद्धिक दिव्यांगासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती ही नेमणूक करते. आईवडील आपल्या पसंतीच्या कोणाही व्यक्तीचे नाव सुचवू शकतात. त्या व्यक्तीची लेखी संमती मात्र लागते.

अर्ज मुनीमजींच्या पिशवीत आहे. शेठजींचे नाव, काकूंचा अंगठा, मुलाचे छायाचित्र, सर्व झाले आहे. पुण्याच्या पुतण्याने फोनवर होकार दिला, मग दिवाळीचे वहीपूजन झाले की येतो म्हणाला, मग वर्षअखेर झाली की. मुनीमजींनी एकदा गादीवर शेजारी बसून, रस्त्याकडे पाहत, आपल्या स्वतःच्या मुलाचे नाव सुचवले. तो शिक्षक आहे आणि या घरात लहानपणापासून येतो-जातो.

शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुनीमजी, तुमच्या दोन वर्षांच्या पगाराची बाकी अजून माझ्या वहीत उभी आहे. आणखी किती उधार घेऊ?”

“ती वही मीच लिहिली आहे, शेठजी,” मुनीमजी म्हणाले. “त्या बाकीवर मी तेव्हाच रेघ मारली.”

शेठजींनी मान हलवली. होकार की नकार, ते मुनीमजींना समजले नाही. अर्जातील तो रकाना तूर्त रिकामा आहे.